आत्याचा काढा आणि माझ्या पेशी

मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत मी ट्यूमरच्या पेशींवर केमोची दोन औषधं एकत्र घालून बघायचो. प्रत्येकाचा डोस थोडा, पण मिळून मारा मोठा, असा बेत. दोन वर्षांत तो एकदाही धड जमला नव्हता. तरी पोलादपूरच्या वर, आमच्या वाडीत, मी कॅन्सरवर औषध शोधणारा म्हणून मिरवून घ्यायचो.

त्यात आत्यालाच गाठ निघाली. मुंबईत आणून केमो सुरू केली. तिसऱ्या डोसाला डॉक्टरांनी थांबवलं. लिव्हरचा रिपोर्ट बिघडला होता. तिला सोडायला वाडीवर गेलो, तर दुसऱ्या दिवशी चुलीवर कसल्याशा मुळीचा काढा उकळताना दिसला.

"आते, केमोबरोबर हे चालत नाही. बंद कर."

"तू दोन औषधं एकत्र करतोस तर पगार मिळतो. मी केली तर वरडतोस होय रे?"

शेवटी ठरलं, मी काढा तपासायचा. गुण नसला तर ती सोडणार. बाटली पदरानं पुसून तिनं माझ्या पिशवीत घातली. महाडला गाडी बदलेपर्यंत अर्धी माझ्या शर्टावर सांडली होती.

जंतू न गाळता पेशींच्या प्लेटीत काही घातलेलं दिसलं की मी इतरांवर डाफरायचो. तोच मी काढा तसाच घातला. चार दिवसांनी पेशी वाढवायची उबदार पेटी उघडली, तर प्लेटींवर पांढरी लव. बुरशी. शेजारच्या माझ्या दोन औषधांच्या प्लेटींवरसुद्धा. चार महिन्यांचं काम कचऱ्यात.

"काय घातलं होतंस?" आमच्या विभागप्रमुख बाईंनी विचारलं.

"आत्याचा काढा."

त्यांनी पेटीचं दार लावलं आणि स्पिरिटची बाटली माझ्या हातात दिली.

ठरल्याप्रमाणे आत्या रस्त्यावरच्या दुकानात फोनची वाट बघत होती.

"काय झालं रे?"

"सगळं मेलं, आते."

"गाठीच्या पेशी पन?"

"त्यासुद्धा."

"बघ! गुण हाय!"

"अगं, बुरशीनं मेल्या! नुसतं मीठ ओतलं असतं तरी मेल्या असत्या!"

"आनि तुझ्या औषधांनी?"

"अजून... तितक्याशा नाही."

फोन स्पीकरवर होता; पलीकडे दुकानदार खो-खो हसला. माझा सगळा आव गळाला.

"आते, काढ्याचं मला काही कळलेलं नाही. एवढंच कळतं, त्यानं लिव्हरवर आणखी ताण आला आणि रिपोर्ट सुधारला नाही, तर पुढचा डोस मिळणार नाही. मला भीती वाटते."

"मग हेच पयल्यांदा सांगायचं ना. उगाच बाटली वाहिलीस. ओतून टाकते."

फोन ठेवला आणि स्पिरिटचा बोळा घेऊन पेटी पुसायला बसलो. बुरशी आठवडाभर हटली नाही.