लाल खुणेचं बटण

किसनदादा गेल्याचं मला आठवडी बाजारात, नाचणी घेताना कळलं. विकणारा हिर्डोशीचा, म्हणून सहज विचारलं, "आमचे किसनदादा कसे आहेत?" तो माप भरता भरता म्हणाला, "रेडिओवाला किसन व्हय? त्यो गेला की बाई. कावीळ झाली. परवा दहावा झाला." मी पिशवी पुढे धरली, नाचणी घेतली आणि घरी आले. तीन वर्षं मी त्यांना भेटले नव्हते. भोरहून हिर्डोशी म्हणजे काही काशी नव्हे, एसटी जाते. पण आधी कुणी जायचं, यातच राहून गेलं... आणि चूक माझी होती, तेव्हा जायला मलाच हवं होतं.

माझ्या वडिलांचा, अण्णांचा, लाउडस्पीकरचा धंदा होता. भोर-वेल्ह्यात कुठे लग्न किंवा जत्रा असली की अण्णा आणि किसनदादा भोंगे, बॅटऱ्या, अँप्लिफायर आणि रेकॉर्डची पेटी घेऊन निघत. रस्ता संपला की बैलगाडी, गाडीवाट संपली की सामान डोक्यावर. झाडावर चढून भोंगा बांधायचं काम किसनदादांचं. ते विशीत आमच्याकडे आले आणि दहा-बारा वर्षं राहिले. कुणी बोललं की मान वळवून ऐकायची त्यांना सवय होती. "कोंबडा दाण्याकडे बघतो तसा हा माणसाकडे बघतो," असं अण्णा म्हणायचे आणि आम्ही सगळे हसायचो, किसनदादासुद्धा. जेवायला बसताना ते नेहमी डावी बाजू भिंतीकडे करून बसत. मला वाटायचं, लाजाळू माणूस आहे.

अण्णा गेले आणि सगळं सामान माझ्या वाट्याला आलं. मी शाळेत शिकवणारी बाई, भोंग्यांचं काय करणार? त्याच सुमारास पुण्याला मावसबहिणीकडे मी पहिल्यांदा स्टीरिओ ऐकला. सतार एका बाजूला, तबला दुसऱ्या बाजूला, जणू वाजवणारे समोर बसलेत. तसला सेट विकत घेणं माझ्या आवाक्याबाहेरचं होतं, पण डोक्यातून तो जाईना. किसनदादांनी तोवर भोरमध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं होतं. त्यांना विचारलं, अण्णांच्या सामानातून जमेल का? ते म्हणाले, "व्हईल की ताई. अण्णांचं सामान हाय, न्हाई कसं म्हनंल?"

पुढचे दोन महिने दर रविवारी ते येत. "रेकॉर्डच्या खाचेला दोन भिंती असत्यात ताई. एक भिंत ह्या स्पीकरच्या डब्यात बोलनार, दुसरी त्या," असं त्यांनी मला समजावलं. अण्णांच्या रेकॉर्ड प्लेअरला दोन्ही भिंती ऐकणारं पिकअप, म्हणजे सुईचं डोकं, हवं होतं, ते त्यांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून शोधून आणलं. डाव्या बाजूला अण्णांचा अँप्लिफायर, उजव्या बाजूला घरातला जुना रेडिओ, कारण त्याला मागून रेकॉर्डची वायर जोडता यायची. रेकॉर्डच्या पेटीच्या फळ्या काढून त्यांनी स्पीकरचे दोन डबे केले आणि आत आईच्या फाटक्या गादीचा कापूस भरला. दोन यंत्रं दोन तऱ्हेची, म्हणून एकाचा आवाज दुसऱ्याशी जुळवणं आलं. शेवटच्या रविवारी ते समोर अण्णांच्या खुर्चीत बसले. उठायचे, डावीकडचं बटण केसभर फिरवायचे, परत बसायचे. मी मुद्दाम परसात जाऊन बसले होते, कारण पहिल्यांदा ऐकायचं ते सगळ्यांबरोबर, हा माझा हट्ट. अखेर माझी नेलपॉलिश मागून घेऊन त्यांनी बटणावर लाल ठिपका दिला. "ह्या खुनंवर ठिवा. दोनी सारखं."

दुसऱ्या दिवशी शाळेतली मंडळी आणि शेजारी जमले, किसनदादाही आले. खुणेवर बटण ठेवून मी रेकॉर्ड लावली, तर डावा डबा नुसता गरजत होता आणि उजव्याचं बोलणं कुणाच्या कानी पोचेना. माझी जीभ मुळातच तिखट. सगळ्यांदेखत मी म्हणाले, "किसनदादा, एवढंही ऐकू येत नाही? अण्णा असते तर त्यांनी हे घराबाहेर काढलं असतं." ते म्हणाले, "बघतो ताई." पुन्हा खुर्चीत बसले, बटण थोडं हलवलं आणि फिरवून परत त्याच खुणेवर आणलं. आमचे हेडमास्तर हसून म्हणाले, "आमचा रेडिओ आता दुरुस्तीला पुण्यालाच न्यावा म्हणतो." सगळे हसले. मीही हसले... किसनदादांनी पक्कड, पाना गोळा केला, पायात चपला घातल्या आणि ते गेले.

गाव लहान, गोष्ट मोठी झाली. वर्षभरात गिऱ्हाईक आटलं आणि दुकान बंद करून ते हिर्डोशीला भात-नाचणी करायला निघून गेले. मी दुसऱ्याकडून आवाज जुळवून घेतला आणि माझंच बरोबर होतं, असं स्वतःला सांगत राहिले.

बाजारात कळलं त्याच्या दुसऱ्या रविवारी मी हिर्डोशीला गेले. वहिनींनी चहा ठेवला. बोलता बोलता मी म्हणाले, "एकदा तरी सेट ऐकायला यायला हवं होतं त्यांनी." वहिनी चुलीकडे बघतच बोलल्या, "येऊन काय ऐकनार बाई? डावा कान गेल्याला त्यांचा. वेल्ह्याकडच्या एका जत्रंत भोंगा बांधत व्हते, कान भोंग्याच्या तोंडाशी. खाली अण्णांनी चालू केलं. रगत आलं कानातनं." मी विचारलं, आम्हाला कसं सांगितलं नाही? "अण्णांच्या जिवाला लागंल म्हनून न्हाई सांगितलं. मागनं दुकान काढलं, मग तर बोलायची सोयच न्हवती. एका कानाच्या मानसाकडं रेडिओ कोन टाकनार?" एवढं बोलून त्यांनी कपात चहा ओतला. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

घरी आले आणि बटणावरचा लाल ठिपका पाहिला. तीन वर्षं मी बटण त्या ठिपक्याच्या खालीच ठेवत आले होते. सतार-तबल्याची तीच रेकॉर्ड लावली, बटण खुणेवर आणलं आणि अण्णांच्या खुर्चीत बसले. डावा डबा त्या दिवशीसारखाच गरजला. मग मी डाव्या कानावर तळहात घट्ट दाबून धरला.

दोन्ही डबे सारखे ऐकू येत होते. केसभरही फरक नव्हता.

रेकॉर्ड संपेपर्यंत मी हात काढला नाही.