पिकत्या शेताचा बांध

ओहोटी लागून तास झाला, तरी माझ्या गँगमधल्या एकानंही कुदळ उचलली नव्हती. सगळे बांधावर उकिडवे बसून होते.

"मारुती, पाणी परत आलं की आजचा दिवस गेला," मी म्हणालो.

"साहेब, ह्यो पिकत्या शेताचा बांध हाय," गँगचा मुकादम मारुती म्हणाला. "दुसऱ्याच्या बांधाला आमी नाय कुदळ लावनार."

मी शेणव्याचा, गँग डोळखांबची, दोन्ही गावं शहापूर तालुक्यातली. भाताची झोडणी उरकली की ही माणसं बाहेर कामाला पडतात. मीच त्यांना शहापूरहून टेम्पोत घालून या खाडीकाठच्या गावात आणलं होतं. मीही शेतकऱ्याचाच मुलगा. त्यांच्यावर ओरडायला मला तोंड नव्हतं.

काम असं होतं. इथला चिखलाचा किनारा लाटा खात होत्या. पूर्वी पुढे तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं होती. ती गेल्यावर लाटा थेट बांधावर आपटू लागल्या. पायथ्याशी चिखल टिकेना, लावलेली रोपं वाहून गेली. मग ठरलं, नवा बांध मागे घालायचा आणि जुना फोडायचा. भरतीचं पाणी आत पसरलं की संथ होतं, गाळ बसतो, तिवराच्या बिया आपसूक रुजतात. नवा बांध तयार होता. दोन बांधांच्या मधे एकच शेत सापडलं, सुंदरामावशीचं. नवरा वारलेला, दुसरी जमीन नाही.

ग्रामसभेत तिनं होकार दिला होता. बदल्यात प्रत्येक घरानं दरवर्षी तिला भात द्यायचं कबूल केलं होतं.

मी माझ्या वरच्या साहेबांना फोन लावला.

"दुसरी गँग आण," ते म्हणाले.

"सर, तीही भातवाल्यांचीच असणार."

तेवढ्यात मावशीच आली. म्हणाली, "तुजं शेत हाय का रं?"

"आहे, मावशी."

"तू दिलं असतंस?"

उत्तरासाठी ती थांबली नाही. तिनं मारुतीजवळची कुदळ घेतली आणि पहिले घाव स्वतः घातले. मारुती उठला. "बस झालं गो आये," म्हणत त्यानं कुदळ काढून घेतली. मग बाकीचेही उठले. भरतीचं पाणी धसकटांत शिरलं.

आज तिथं डोक्याच्या वर तिवरं आहेत. मागची सगळी शेतं वाचली. पाहुणे येतात, फोटो काढतात. पहिल्या वर्षी सगळ्या घरांनी भात दिलं, दुसऱ्या वर्षी निम्म्यांनी. आता कुणीच देत नाही. मावशी त्याच लोकांच्या शेतावर लावणीला जाते, मजुरीनं.

मी सरपंचांना विचारलं. ते म्हणाले, "तिचं शेत तसंबी जानारच व्हतं की."

त्यानंतर मी एक नियम केलाय. शेतवाल्याच्या नावावर गावानं आधी बदली जमीन करायची, मगच टेम्पोतून कुदळी उतरवायच्या. साहेबांनाही तो पटलाय. मात्र तेव्हापासून एकाही गावात आमचं काम सुरू झालेलं नाही.