पाटी उतरवलेले डॉक्टर

गेल्या महिन्यात मळवलीचे हुसेन मुलाणी, आमचे भाऊ, गेले. बदली होऊन मी तळेगावच्या शाळेत आल्यामुळे मला ते कळलं पुण्याच्या वर्तमानपत्रातल्या चार ओळींतून. त्यांत लिहिलं होतं, 'निवृत्त लष्करी कंपाउंडर'. कंपाउंडर असण्यात कमीपणा मुळीच नाही. पण माणूस जे नव्हता, ते मेल्यावर त्याच्या नावापुढे का चिकटवायचं? मी बारा वर्षं त्यांचा शेजारी होतो. संताप आलाय, म्हणून लिहितो आहे.

भाऊंनी लष्करी वैद्यकीय शाळेत चार वर्षं काढली होती. मुडदे फाडले, हाड न् हाड पाठ केलं, परीक्षा दिल्या. तिथून बाहेर पडणाऱ्या आपल्या मुलांना हुद्दा मिळे जमादाराचा. विलायतेहून कालपरवा आलेला पोरगेला साहेब मात्र कॅप्टन. मागच्या महायुद्धात बसऱ्याला असा एक कॅप्टन तापानं आडवा झाला, तेव्हा तंबूतलं इस्पितळ भाऊंनी अडीच महिने एकट्यानं चालवलं. गोळ्या काढल्या, सडणारे पाय वाचवले. अहवालावर सही कॅप्टनची, पदकही त्याचंच... त्यांचे वर्गसोबती आफ्रिकेत, फ्रान्सात असेच राबले आणि फार तर सुभेदार होऊन घरी परतले. "राग नाही आला?" मी एकदा विचारलं. "लय आला," भाऊ म्हणाले. "पर मास्तर, ज्यांचं पाय वाचलं ते पत्रं मलाच लिवायचे."

सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी स्टेशनाजवळ भाड्याच्या घरात दवाखाना काढला आणि 'डॉ. हुसेन मुलाणी' अशी पाटी लावली. एके दिवशी लोणावळ्याच्या बंगल्यात हवापालटाला आलेले एक पदवीधर डॉक्टर मोटार थांबवून खाली उतरले. "पदवी नसताना हे अक्षर लावायला लाज नाही वाटत?" मी ओसरीवरच बसलो होतो. माझंच तोंड उतरलं. भाऊंनी मात्र स्टूल आणलं, पाटी काढली आणि त्यांच्या हातात दिली.

"घ्या. आन आता औंढ्याला चला माज्यासंगं, तितं पटकी लागलीया. चिखलातनं चालावं लागंल, मोटार न्हाई जायची."

साहेब पाटी घेऊन मोटारीत बसले. भाऊ पिशवी घेऊन औंढ्याला गेले आणि कॉलऱ्याच्या त्या साथीत नऊ दिवस तिथंच राहिले. विहिरींत लाल औषध टाकलं, घरोघर जाऊन शिरेतून मिठाचं पाणी चढवलं. सगळेच वाचले असं मी म्हणणार नाही, पण गाव उठून गेलं नाही.

पाटी गेल्यामुळे लांबून येणाऱ्यांना दार सापडेना. मग औंढ्याचे चौघे एका सकाळी आले आणि गेरूनं भिंतीवर हातभर अक्षरांत लिहून गेले, 'डागदर'. मला हसू आलं. म्हटलं, "भाऊ, शब्द चुकलाय, दुरुस्त करू?"

"हात लावू नका, मास्तर! 'डॉक्टर' लिवायला त्या सायबाची परवानगी लागती. ह्याला कुनाची लागत न्हाई."

परवा मळवलीला गेलो. घरमालकानं नव्या भाडेकरूसाठी चुना मारायला माणूस लावला होता, औंढ्याचाच. भिंत पांढरी झाली होती, फक्त त्या शब्दाएवढी जागा सोडून.

"एवढं राहिलं की," मी म्हणालो.

"मालकाला सांगा, चुना संपला," तो म्हणाला. बादली त्याच्या पायाशी होती, निम्मी भरलेली.