पुट्टीचं मधलं वर्ष

अण्णाचा फोन आला तेव्हा मी मारतहळ्ळीच्या ऑफिसात कुणा पोराचा रेझ्युमे वाचत होते. "पुट्टी गेली ग," एवढंच तो म्हणाला. मागून वहिनीचा आवाज येत होता... त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. फोन ठेवला आणि स्क्रीनवर त्या पोराने स्वतःबद्दल जे लिहिलं होतं ते पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले. मेहनती, शिकण्याची आवड, सगळ्यांशी जुळवून घेण्याची तयारी. का वाचत होते, देव जाणे! शेजारची मुलगी खांद्याला धरून हलवायला लागली तेव्हा कळलं, माझ्याच तोंडून कसलासा आवाज निघत होता.

पुट्टी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची एकुलती एक मुलगी, मेघना. कन्नडमध्ये लाडाने लहान पोरीला पुट्टी म्हणतात, आणि आमच्यासारख्या पिढ्यान् पिढ्या बेंगळुरूत मुरलेल्या मराठी घरात भाऊ अण्णा होतो नि पोर पुट्टी. बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला होती. जयनगरच्या त्या घरात तिचा पाय ठरत नसे आणि तोंड तर त्याहून नाही. "आत्या, तू दिवसभर लोकांचे रेझ्युमे फेकून देतेस, रात्री झोप कशी येते ग तुला?" असं मला तोंडावर विचारणारी ती एकटीच. नोकरभरतीचं काम करून करून माझी जीभही काही गोड राहिलेली नाही, त्यामुळे आमचं छान जमायचं. आता त्या घरात गेलं की सगळे हळू आवाजात बोलतात आणि मला ओरडावंसं वाटतं.

दुसऱ्या वर्षाला असताना तिला रक्ताचा कॅन्सर झाला. हे वाक्य मी आज सरळ लिहिते आहे, तेव्हा घरात तो शब्द कुणी उच्चारतच नसे. 'पुट्टीला बरं नाही', 'अशक्तपणा आहे', फार तर 'ते'. आमचे लोक इथे मूठभर. जयनगरात कुणी शिंकलं तर आनेकलच्या नातेवाइकांकडे काढा उकळतो. मुलीच्या आजाराची बातमी बाहेर गेली की तिचं लग्न जमायचं नाही, हे वहिनीच्या डोक्यात पक्कं बसलेलं. पोरीचे केस गेले तेव्हा तिने 'तिरुपतीचा नवस होता' म्हणून सांगितलं. लोकांनी प्रसाद मागितला, तर बाईने दुकानातले लाडू आणून घरोघर वाटले! पुट्टी हसून हसून बेजार झाली होती, खाटेवर उशी पोटाशी धरून. मी हसले नाही. मला तेव्हाही त्या लाडवांची चीड आली होती आणि आजही येते.

कॉलेजचं एक वर्ष गेलं. मग डॉक्टर म्हणाले, रक्त स्वच्छ आहे, आणि ती वाढू लागलेल्या आखूड केसांनी कॉलेजात परत गेली, आपल्या मैत्रिणींच्या मागच्या वर्गात. शेवटच्या वर्षी कॉलेजात कंपन्या यायच्या दिवसांत अण्णाने तिला रेझ्युमे करून दिला. मी पाहिला आणि कपाळावर हात मारला. वडिलांचं नाव, गोत्र, नक्षत्र, उंची, वर्ण गोरा, आजोळ कुठलं... वर फक्त 'नोकरीसाठी अर्ज' एवढं बदललेलं. "अरे, नोकरीला नक्षत्र कशाला?" म्हटलं, तर म्हणतो, "असू दे ग, माहिती स्वल्प जास्त असली तर बिघडलं काय?" बिचाऱ्याचा दोष नव्हता. आमच्यात मुलीच्या नावाने कागद तयार होतो तो स्थळासाठीच, दुसरा नमुना त्याने पाहिलेलाच नाही.

मग एका रविवारी मी तिला घेऊन बसले. एकच पान. फोटो नको, वय नको, बापाचं नाव नको. तिने लिहिलं होतं, 'उत्तम व्यवस्थापन कौशल्य.' म्हटलं, "कौशल्य गेलं खड्ड्यात, तू केलंस काय ते सांग." तर कॉलेजच्या कार्यक्रमात ऐनवेळी आचारी आला नाही, तेव्हा हिने आसपासच्या खानावळींतून सगळ्या पाहुण्यांचं जेवण उभं केलं होतं. "हे लिहायचं असतं होय? मला वाटलं ही नुसती धावपळ," म्हणाली. तेच लिहिलं. पान कसं झकास दिसायला लागलं! आणि मग तिने मधल्या वर्षावर बोट ठेवलं. "आत्या, याचं काय?"

मी म्हटलं, अर्ध्या ओळीत खरं ते लिही आणि पुढे हो. स्वयंपाकघरातून वहिनी हात पुसत आली. "वन्सं, तुम्ही सुम्ने बसा, मधे बोलू नका. पोरीचं लग्न व्हायचंय अजून. तो कागद उद्या कुणाकुणाच्या हातात जाईल!" अण्णाच्या एका मित्राचे कॉम्प्युटरचे वर्ग होते. त्याने सर्टिफिकेट दिलं, आणि पुट्टीच्या त्या वर्षात वर्षभराचा कोर्स जाऊन बसला. मी तावातावाने उठून निघून आले.

पहिल्याच मुलाखतीत समोरच्या माणसाने नेमकं विचारलं, या कोर्समध्ये काय शिकलात? ती म्हणाली, "सर, हा कोर्स मी केलेला नाही. त्या वर्षी मला कॅन्सर होता." कळवतो म्हणाले. कळवतात कसले! घरी येऊन तिने सगळं सांगितलं तशी वहिनी रडायला लागली, "तुला कुणी विचारलं होतं का ते? ओळखीचं कुणी असलं तिथे तर?" पुट्टी कधी आवाज चढवत नसे. त्या दिवशी चढवला. "आई, ते वर्ष मी सुया टोचून घेत काढलंय. आजवर मी एवढं एकच मोठं काम केलंय ग. तेच खोडायचं?" वहिनीने पदराने तोंड झाकून घेतलं.

पुट्टीने तो कोर्स उडवला, खरं लिहिलं आणि कागद दिसेल तिथे पाठवत सुटली. कुठूनही उत्तर नाही. तिला घेऊन करणार काय होते हे लोक? हिशेब तपासायला बसवणार, दगड उचलायला नव्हे! माझ्याच कंपनीत मी शब्द टाकला, तर साहेब म्हणाला, "मुलगी हुशार दिसते, पण तब्येतीची रिस्क आहे ना..." त्याच्या टेबलावरचा चहा त्याच्याच अंगावर ओतावा असं वाटलं. पोरगी दर वेळी फोनवर विचारायची, "आत्या, आलं का ग काही?" मी काय सांगणार, कपाळ?

मग ताप आला, आणि रक्त पुन्हा बिघडलं. या वेळी डॉक्टर आमच्या डोळ्यांत बघत नव्हते. शेवटची भेटले तेव्हा तिच्या तोंडात फोड आलेले, शब्द नीट फुटत नव्हते, तरी हाताने खूण करून तिने मला जवळ बोलावलं. "आत्या, आता दुसरी गॅप पडणार. याला काय लिहू?" चेष्टा होती की खरंच विचारत होती, मला आजही कळत नाही. "आधी बरी हो, मग बघू," म्हटलं. "सरी, बरं," म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी तिला आयसीयूत हलवलं, तिथे मला सोडलं नाही.

ती गेल्यावर समाजाच्या ग्रुपवर टाकायचा मजकूर लिहायला अण्णाने मला बोलावलं. घरात मराठी धड लिहिता येणारी मीच. पुट्टीच्या खोलीत, तिच्याच टेबलाशी बसलो. खुर्चीच्या पाठीवर तिची ओढणी तशीच होती, ती काढायचं धाडस कुणाला झालेलं नाही. अण्णा सांगत गेला, मी लिहीत गेले. 'आमची कन्या मेघना हिचे अल्पशा आजाराने निधन झाले...'

"अल्पशा काढा." वहिनी दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. "अल्पशा कुठला? कॅन्सर लिहा. किती वर्षं भोगलं माझ्या लेकराने, सगळं लिहा."

अण्णा गडबडला. "अग, पण लोक..."

"लिहा हो," वहिनी म्हणाली. "आता कोण बघायला येणार आहे तिला?"