न खाल्लेल्या गोळ्यांच्या खुणा

मी आमच्या गावची आशा सेविका. सिंदेवाहीहून येताना शेवटचे चार किलोमीटर जंगलातून येतात, म्हणून दिवस कलल्यावर कुणी एकटं येत नाही. गावाच्या खालच्या अंगाला तलाव आहे, आणि तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून मासेमारी करणाऱ्यांची दहा-पंधरा घरं. त्यातल्या अगदी टोकाच्या घरातल्या सुनेला टीबी निघाला आणि तिच्या गोळ्यांची जबाबदारी माझ्याकडे आली.

ती माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान. सातवी शिकलेली, बोलायला चटपटीत. वजन छत्तीस किलो. रोज सकाळी मी जायची, ती माझ्यासमोर तीन गोळ्या गिळायची आणि मी कार्डावर त्या दिवसाच्या चौकोनात बरोबरची खूण करायची. माझी नऊ वर्षांची पोरगी कधी कधी माझ्याबरोबर यायची आणि तिथेच थांबायची. सुट्टीच्या दिवशी ती त्यांच्याकडे मासोळीचा रस्सा आणि भात खाऊनच घरी परतायची. मी कधी नको म्हटलं नाही. गोळ्या सुरू झाल्या की थोड्या दिवसांत लागण होत नाही, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं, आणि तेच मी साऱ्या गावाला सांगत फिरत होते.

दोन महिन्यांत तिचा खोकला गेला. गालांवर थोडं मांस आलं. आणि महाशिवरात्रीच्या आधी एका सकाळी ती म्हणाली, "ताई, आमी मिरची तोडाले चाललो. तेलंगणात. परवा गाडी येते."

आमच्या भागातली अर्धी घरं त्या दिवसांत तिकडे जातात. मी घाबरले, पण रागावून बोलले, "अन गोळ्या?"

"सोबत दे ना. महिन्याच्या दे. महिन्यात वापस येतो."

मी एका महिन्याच्या पट्ट्या दिल्या. खरं तर सुपरवायझर सरांना कळवायला हवं होतं. त्यांनी तिथल्या दवाखान्याला कळवलं असतं, गोळ्या तिथे मिळाल्या असत्या. मी कळवलं नाही. पेशंट गाव सोडून गेला की बैठकीत उभं करून विचारतात, आणि मला उभं राहायचं नव्हतं. एवढंच कारण. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधून पाहिलं, सापडलं नाही.

महिना संपला. ती आली नाही. फोन लावला तर तिच्या नवऱ्याने उचलला. आजूबाजूला बायांचा कालवा चालला होता. "येतो वो ताई, आणखी काम हाय," एवढं म्हणून त्याने ठेवला. पुढे फोन लागेनासा झाला. कार्ड माझ्याकडे होतं. सर दर पंधरा दिवसांनी मोटरसायकलवर यायचे आणि कार्ड बघायचे. ते यायच्या आदल्या दिवशी मी बसून खुणा केल्या. पंधरा एकदम. पुढच्या दोन्ही वेळी आणखी पंधरा-पंधरा. भाजी निवडता निवडता केल्या.

ती अडीच महिन्यांनी आली. मी पाळीवरून चालत गेले तर ती ओट्यावर पाय पसरून बसलेली, आणि मी तिला ओळखलंच नाही. डोळे खोल गेलेले. बोलायला तोंड उघडलं की आधी खोकला.

"कवापासून?"

"तिथंच लागला. पण मिरचीच्या वावरात सारेच खोकलतात ना वो. कोनाले समजते?"

तिने लुगड्याच्या तुकड्यात थुंकून तो तुकडा मुठीत दाबला. मी तिची मूठ उघडली. रक्त होतं.

त्याच दिवशी थुंकीचा नमुना घेऊन मी स्वतः तालुक्याला पोचवला. पहिल्या वेळी तिची थुंकी नुसती सूक्ष्मदर्शकाखाली बघितली होती. या वेळी जंतू औषधाला दाद देतात का हे सांगणाऱ्या यंत्रात ती गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी लसीकरणाला आलेल्या लहान मुलांची नोंद करत होते तेव्हा सरांचा फोन आला.

"ताई, रिपोर्ट आला. मुख्य गोळीला जंतू दाद देत नाही. साध्या टीबीचं औषध आता तिला चालणार नाही. परवा चंद्रपूरला न्यायचं. तुम्ही सोबत या, आणि कार्ड आणा. किती दिवस गोळ्या चुकल्या ते डॉक्टर पहिलं विचारतील."

मी हो म्हटलं. समोरच्या बाईच्या मांडीवरचं लेकरू रडत होतं.

घरी आले तर माझी पोरगी अंगणात खेळत होती. खेळता खेळता ती खोकलली. तसं ती आठ-दहा दिवसांपासून खोकलत होती, मी अडुळशाचा काढा देत होते. पण त्या संध्याकाळचा तो खोकला मला वेगळा वाटला. मी तिला जवळ ओढून कपाळाला हात लावला, छातीला कान लावला. "काय करून राह्यली आई?" ती हसायला लागली. तिला गुदगुल्या होत होत्या. मी किती वेळ तसाच कान लावून बसले होते कोण जाणे.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो ताटावरून उठला. "उद्यापासून त्या घरी जायचं नाई. तुयी नोकरी गेली तरी चालन."

"मी तालुक्याला गेले त्या दिवशी पोरगी मला न सांगता गेली होती तिच्याकडे. दिवसभर होती," मी म्हणाले. त्यावर तो आत जाऊन झोपलेल्या पोरीच्या उशाशी बसला.

चंद्रपूरला आम्ही मास्क लावून, अॅम्ब्युलन्सच्या खिडक्या उघड्या ठेवून गेलो. ती माझ्या समोरच्या बाकावर आडवी होती. कार्ड माझ्या पर्समध्ये. वाटेत दोन-तीनदा मनात आलं की कार्ड हरवलं म्हणून सांगावं. एका नाल्यावरून गाडी हळू झाली तेव्हा खिडकीतून टाकूनही देता आलं असतं. मला दोन्हीकडून भीती होती. खरं सांगावं तर काम जाईल, गावात तोंड दाखवता येणार नाही. खोटं टिकलं, तर डॉक्टर त्या खोट्यावर विसंबून तिला औषध देतील.

डॉक्टरीणबाई वयाने लहान वाटत होत्या. त्यांनी कार्ड घेतलं, बोट फिरवत गेल्या आणि थांबल्या.

"एकही दिवस चुकला नाही?"

मी खाली बघत होते. तेवढ्यात शेजारून तिचा आवाज आला, धापा टाकत. "नाई मॅडम. रोज खाल्ल्या."

मी मान वर केली. ती माझ्याकडे बघत नव्हती. सरळ डॉक्टरीणबाईंकडे बघून माझ्यासाठी खोटं बोलत होती. तिला धड श्वास घेता येत नव्हता, आणि ती मला सांभाळून घेत होती.

"नाही," मी म्हणाले. "चुकल्या. दीड महिना तिच्याजवळ गोळ्याच नव्हत्या. ती गावात नव्हती. खुणा मी केल्या."

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी पेन काढला, तारखा विचारल्या, आणि माझ्या खुणांवरून आडवी रेघ मारली. मग हळू म्हणाल्या, "जंतू आधीपासूनच तसे असतील, किंवा या दीड महिन्यात झाले असतील. आता ते कुणालाच सांगता येणार नाही. पण हे मला आज कळलं, हे बरं झालं."

बाहेर बाकावर बसल्यावर मी तिला विचारलं, "तू काऊन खोटं बोलली?"

"कार्ड तर मी आल्या दिवशीच पायलं. तुह्या हातात व्हतं." ती थांबून थांबून बोलत होती. "मले वाटलं, तू खुना केल्या म्हंजे काई होत नसन. अन दिलेल्या गोळ्याबी मी साऱ्या नाई खाल्ल्या. उन्हात खाल्ल्या की उलट्या व्हायच्या. मंग मजुरी बुडायची. तुले सांगाचं भेव वाटे."

मी तिचा हात धरला. ती माझ्यापासून लपवत होती, मी सरांपासून, आणि मधल्या काळात ते तिच्या छातीत वाढत होतं.

तिला तिथेच भरती केलं. नवीन गोळ्यांनी हृदयावर ताण येतो म्हणून आधी छातीला वायरी लावून ईसीजीची पट्टी काढली. मी परत आले त्यानंतरचा आठवडा मला आजही नीट आठवत नाही. तिच्या घरच्या सगळ्यांचे आणि माझ्या पोरीचे एक्स-रे काढले. पोरीला यंत्रासमोर उभं केलं, हनुवटी वर धरायला सांगितलं, श्वास रोखायला सांगितला. दाराबाहेर मीही श्वास रोखून उभी होते. काढणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरून काही कळतं का ते बघत होते. तो जांभई देत होता.

पोरीचा फोटो स्वच्छ आला. तिची थुंकीही स्वच्छ निघाली. घरच्यांचेही स्वच्छ. "आज स्वच्छ आहे," डॉक्टर म्हणाले. "पण दोन वर्षं लक्ष ठेवायचं. दर सहा महिन्यांनी तपासायला आणा." पोरीचा खोकला चार दिवसांत आपोआप थांबला. माझी धास्ती मात्र थांबली नाही. ती अंगणात धावून दमली तरी मी तिचा श्वास मोजत बसते.

तालुक्याच्या बैठकीत मला उभं केलं. सरांनी सारं वाचून दाखवलं. माझं काम काढलं नाही, पण लेखी समज दिली आणि वर्षभर माझी कार्डं दर आठवड्याला तपासली. बैठक सुटल्यावर दूरच्या गावातली एक आशा माझ्यामागे बसस्टँडपर्यंत आली. इकडेतिकडे बघून म्हणाली, "बाई, माह्याबी कार्डावर अशा खुना हायेत वो. माहा पेशंट आलापल्लीकडं लाकूडकामाले गेला." तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी तिला तिथूनच सरांना फोन लावून दिला आणि ती बोलेपर्यंत बाजूला उभी राहिले. माझी बस गेली.

माझ्या पेशंटचं औषध पूर्ण झालं. मधे तिच्या पायांना मुंग्या यायच्या, अन्नाची चव जायची, दोनदा तिने गोळ्या भिंतीवर फेकल्या, आणि दोन्ही वेळा मी त्या गोळा करून तिच्यासमोर बसून राहिले. आता तिचे रिपोर्ट स्वच्छ आहेत. उजवं फुप्फुस मात्र खालून आकसलं ते आकसलंच. जाळं ओढताना तिला मधेच पाळीवर बसावं लागतं. तिचा नवरा काही न बोलता तिच्या हातातली दोरी घेतो.

मागच्या आठवड्यात ग्रामपंचायतीच्या ओट्यावर एक माणूस खोकलला. मी थांबून विचारलं, "किती दिवस झाले भाऊ?"

"दोन दिवस झाले वो ताई. सर्दी हाय," तो हसला.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेले. तिसऱ्या दिवशीही गेले. त्याची बायको वैतागली, "काय लावलं वो ह्ये?" त्याचा खोकला थांबला आहे असं माझ्या कानाने ऐकेपर्यंत मी दारात उभी राहिले.