मेनेव्शेच्या हंसांची खूण

थंडी पडायला लागली की चिल्दिर सरोवराच्या काठची माणसं आपापले पाळीव हंस घरी आणतात. उन्हाळाभर सगळ्या गावाचे हंस पाण्यावर एकत्रच हुंदडतात. कुठला कुणाचा ते पायावरून ठरतं. पिल्लू लहान असतानाच त्याच्या बोटांमधल्या कातड्यावर घराची खूण कापायची, ही रीत. खूण ज्या घराची, हंस त्या घराचा. त्यावर वाद नाही.

त्या वर्षी मेनेव्शेचा एकही हंस तिच्या अंगणात आला नाही. काठावर पाय बघून बघून सगळे तिच्या धाकट्या भावाच्या, बिनालीच्या, कुंपणात गेले. तिनं जाऊन एकाचा पाय उलटा करून पाहिला. डाव्या पायाला दोन खाचा. ही तर माहेरची खूण! वसंतात नवरा जाऊन थोडेच दिवस झाले होते. चुलीपाशी एकटी बसून तिनं पिल्लांचे पाय धरले, आणि हात बापानं शिकवलेलंच कापत गेला. सासरची खूण, जी इतकी वर्षं पाडली, ती त्या दिवशी आठवलीच नाही.

हंस गेले म्हणजे हिवाळ्याची बेगमी गेली. मीठ लावून वाळवलेलं मांस, तव्यावरची चरबी, रजईतली पिसं, सगळं त्यांचंच. आणि मागायचं कुणाकडे? तर बापाच्या कुरणावरून ज्याच्याशी बोलणं तुटलं, त्याच भावाकडे. तिनं हिस्सा मागितला तेव्हा त्यानं भर बैठकीत सांगितलं होतं, लग्न झालेली मुलगी दुसऱ्या घरची. बाकीच्या पुरुषांनी माना डोलावल्या. माना डोलवायला काय जातं!

तरी ती गेली. अंगणात बिनालीची बायको सेनेम आणि शेजारणी पिसं उपटायला जमल्या होत्या. सुरी अजून फिरायची होती. मेनेव्शेनं चूक कशी झाली ते सगळ्यांदेखत सांगितलं.

"खूण आमची आहे, ताई," बिनाली म्हणाला. "रीत काय मी नाही काढली."

"मग तुमची खूण माझ्या हाताला कशी येते?"

"सवय असेल."

"कुठल्या घरची सवय? या घरची ना? मग मी या घरची. ठेव हंस, आणि कुरणातला हिस्सा दे. आणि मी परकी असेन, तर परक्या बाईचे हंस सोड. दोन्हीकडून कसं खाशील?"

सेनेम तोंडाला रुमाल लावून हसली.

"नवरा गेल्यावर जीभ फार सुटली तुझी," बिनाली म्हणाला.

"आधीपासूनच होती. तो ऐकून घ्यायचा, म्हणून तुला कळली नाही."

मग बिनालीनं कुंपणाचं फाटक उघडलं. कुरण वाचवायला त्यानं हंस सोडले, हे तिथल्या प्रत्येक बाईला कळलं.

"ने. आणि पुढच्या वर्षी तरी नीट काप."

"हीच खूण कापणार," काठी उचलत मेनेव्शे म्हणाली. "दरवर्षी येईन मग. दरवर्षी तू या सगळ्यांसमोर सांगायचं, मी कुठल्या घरची ते."