मशीन माझं आहे

"ताई, हसू नका. फोटो घरकुलाचा आहे. जरा गरीब दिसा."

सर्वेवाला असं म्हणाला. इस्त्रीचा शर्ट, हातात मोबाइल. मी घराच्या कुडाच्या भिंतीपुढे उभी होते. फोटो काढतात म्हणून सवयीनं हसले, एवढाच माझा गुन्हा. मी तोंड पाडलं. "आता बरोबर," तो म्हणाला. गल्लीतल्या बाया आपली पाळी यायची वाट बघत उभ्या होत्या.

घोटीजवळचं आमचं गाव. नवरा भाताच्या गिरणीत हमाली करतो. घर पक्कं हवं, हे खरं. पण घरकुल मिळायचं तर घरात काही दिसता कामा नये, असं गावात सगळे सांगतात. फ्रिज नको, कूलर नको, शिलाई मशीन नको. नियम कोणी वाचला? कोणीच नाही. सर्वे आला की आदल्या संध्याकाळी आम्ही आपलं सामान उचलून स्लॅबच्या घरांत नेऊन ठेवतो. दरवेळची रीत आहे. ज्यांना घर आहे त्यांच्याकडे सगळं असलेलं चालतं.

माझं मशीन बचत गटातून घेतलेलं. बायांनो, बचत करा, स्वतःच्या पायावर उभ्या राहा, असं सरकारनंच सांगितलं होतं. उभी राहिले. आता म्हणतात, खाली बसा.

यंदाही आदल्या संध्याकाळी मशीन मी काकूंकडे नेलं. काकू म्हणजे गिरणीमालकाची बायको. "घरात नको, गोठ्यात ठेव," म्हणाल्या. ठेवलं.

सर्वेवाल्यानं घरात डोकावलं. जमिनीवर दोऱ्यांचे तुकडे पडले होते.

"शिवणकाम करता?"

"नाय साहेब. मशीन नाय माझ्याकडं."

स्वतःच्या तोंडानं बोलले मी हे. लाज वाटली. पण घर डोळ्यांपुढे होतं.

सगळी गल्ली आटोपून तो गेला, तशी मी मशीन आणायला गेले. काकू ओट्यावर बसल्या होत्या. शेजारी दोन रिकामे कप.

"एवढी घाई काय? परत तपासणी होते म्हणे. राहू दे इथंच. गोठ्यात बसून शीव. माझे पडदे शिवायचे पडलेत कधीचे, ते आधी कर."

"काकू, गिऱ्हाइकांचे ब्लाऊज राह्यलेत. मशीन नेते मी."

त्या हसल्या. "कुणाचं मशीन? तो आत्ताच इथं चहा पिऊन गेला. तुझ्याकडे मशीन नाही, असं तूच सांगितलंस ना त्याला? बोलावू का परत?"

गिरणी त्यांची. नवऱ्याची मजुरी त्यांच्या हातात. आता माझं मशीनही त्यांचंच व्हायला निघालं होतं. शेणात उभं होतं ते. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"नका बोलावू," मी म्हणाले. "मीच जाते त्याच्याकडं."

जावेला हाक मारली. दोघींनी मशीन उचललं आणि भर रस्त्यानं नेलं. लोक दारात येऊन बघत होते. बघू दे. पंचायतीपुढे तो गाडीला किक मारत होता. मशीन त्याच्या चाकापुढे ठेवलं.

"हे माझं हाय. मघाशी खोटं बोलले. काढा फोटो."

"ताई, येडेपणा करू नका. नाव कटेल."

"कंच्या नियमानं? दाखवा."

त्यानं मोबाइल खिशात घातला. "वरून आहे," म्हणाला आणि गाडी वळवून निघून गेला.

वर कोण बसतं, ते मला अजून कळलेलं नाही. मंजुरी आलेली नाही. नवऱ्याला गिरणीतून बोलावणं थांबलंय. हे आपोआप झालं, असं मी मानत नाही. नवरा म्हणतो, जाऊन काकूंची माफी माग.

नाही मागणार. गटाच्या बैठकीत मी सांगून टाकलंय, यापुढे आपल्या गल्लीतली एकही वस्तू त्या गोठ्यात जाणार नाही. घर मी मागणारच, आणि मशीन दारात चालू ठेवून मागणार. नाव कापलं, तर कोणत्या नियमानं कापलं ते कागदावर लिहून मिळेपर्यंत मी पंचायतीच्या पायरीवरून उठणार नाही.